पुलाखालचा रंग

१

बाबांना दफन करून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नगराचा चांदीचा प्याला नाहीसा झाल्याचं उघडकीस आलं, आणि दुपारच्या आत चोराचं नाव सगळ्या सेर्व्होल गावाच्या तोंडी झालं. ते नाव माझ्या बाबांचं होतं.

सांगायला महापौरबाई स्वतः आल्या. एर्मांस क्विने. अंगावर कालचाच काळा पोशाख होता. मी स्वयंपाकघरात ताटल्या वेगळ्या करत होते. आमच्याकडे माणूस गेलं की शेजारपाजारचे केक आणि रस्से घेऊन येतात, आणि मग कुठली ताटली कुणाची हे ओळखून परत करणं घरच्यांच्या वाट्याला येतं. हाताला काम म्हणून ते बरं असतं.

"सोलांज, बस जरा."

"उभीच बरी आहे."

"बायका सकाळी प्याला उजळायला आल्या. रविवारचा सण ना. कपाट उघडलं तर आत नुसतं मखमल." त्या थांबल्या. "ईस्टरच्या आधी त्याचा कान निखळला होता. दुरुस्तीला फेरेओल घेऊन गेला. परत आणलेला कुणी पाहिला नाही."

"बाबांनी तो परत दिला होता."

"तू पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. मी तेव्हा ल्यों शहरात, माझ्या नोकरीवर होते. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा आले, आणि मग इथेच राहिले.

"मी काही म्हणत नाही गं," महापौरबाई म्हणाल्या. "पण बाजारात लोक बोलतात. खाटीक म्हणाला, म्हाताऱ्याने स्वतःच्या म्हातारपणाची सोय केली होती. रविवारपर्यंत प्याला मिळाला नाही, तर मला पोलिसांत नाव द्यावं लागेल. मेलेल्या माणसाचं नाव द्यायला मला आवडतं असं वाटतं का तुला?"

"मग देऊ नका."

हे मी नाही म्हटलं. दारात झेली आत्या उभी होती. बाबांची मोठी बहीण. सगळी हयात तिने जिल्ह्याच्या कोर्टात साक्षी लिहून घेण्यात काढली होती. ती म्हणायची, खोटं बोलणाऱ्याचा चेहरा बघून काही कळत नाही; तो काय वगळतो ते बघायचं.

"फेरेओलची कामाची खोली आधी बघून घ्या, एर्मांस," आत्या म्हणाली. "कोनाकोपरा बघा. टेबलाखालच्या मांजराला मात्र हात लावू नका, चावतं ते."

आम्ही तिघी बाबांच्या खोलीत गेलो. बाबा कोरीवकाम करायचे. अंगठ्या, पदकं, लग्नातले पेले, जुन्या घराण्यांची मानचिन्हं. कोरण्या अजून रांगेत लावलेल्या होत्या. राळेचं वाडगं कोरडं पडलं होतं. भिंतीवर तो पितळी पत्रा होता, ज्याच्यावर छोट्या छोट्या ढाली कोरलेल्या आहेत.

"हे काय?" महापौरबाईंनी विचारलं.

"त्याच्यावरून मी लहानपणी रंग शिकले."

"पितळेवरून? तुझा बापही अजबच होता." त्या हसल्या, आणि मग हसल्याबद्दल त्यांना वाईट वाटलं. खोलीत प्याला नव्हता.

२

नगरभवनाच्या सभागृहात उन्हाळ्यातही थंडी असते. प्याल्याचं बंद लाकडी कपाट एका कोपऱ्यात आहे, आणि वर्षातून एकदा, सणाच्या आधी, ते उघडलं जातं. किल्ली महापौरबाईंच्या टेबलाच्या खणात असते. ती तिथे असते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

कपाटाच्या वर नगराचा रेशमी ध्वज, आणि त्यावर प्याल्यावर कोरलेलंच चिन्ह. निळ्या ढालीवर चांदीच्या रंगाचा पूल, आणि त्या पुलाची मधली कमान नाही. दोन्ही काठांवरून पूल येतो आणि मध्ये तुटतो. आमच्या शाळेच्या ग्रोपेरां मास्तरांनी लिहिलेल्या पुस्तिकेत त्याचा अर्थ दिला आहे. आम्ही सगळ्यांनी तो शाळेत पाठ केला. ढालीची निळी जमीन, म्हणजे पुलामागचा सगळा भाग, ही आमची नदी ओझेल. तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत शत्रूचं सैन्य पैलतीरी आलं, तेव्हा नगराने स्वतःचा पूल स्वतःच्या हाताने तोडला आणि एकही माणूस न गमावता वाचलं. चिन्ह त्या धाडसाचं आहे. रविवारी त्याच अर्थाची मीनाकारीची नवी पाटी पुलावर लागणार होती. ती आधीच बसवून वर कापड टाकून ठेवलं होतं.

"तुझी आजी त्या प्याल्याला कधी तोंड लावायची नाही, आठवतं?" आत्या ध्वजाकडे बघत म्हणाली.

आठवत होतं. आमचं मूळ घर पैलतीरी, वरच्या वाडीत. सणाच्या दिवशी प्याला हातोहात फिरतो, पण त्याआधी महापौर पुलाच्या मध्यावर उभ्या राहून पहिला घोट नदीत ओततात. पोरं ओरडतात, "मासे आधी!" मग सगळे पितात. फक्त वाडीची माणसं पीत नाहीत. आजी म्हणायची, तो आपला प्याला नाही. का नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या आईने सांगितलं होतं एवढंच.

आत्याने कपाट उघडलं. मखमलीवर प्याल्याच्या बुडाचा गोल दबलेला होता. ती खाली वाकली, नाक जवळ नेलं, मग मला म्हणाली, "तू बघ. तुझ्या बापाच्या घरातला वास आहे."

गोलाच्या कडेला एक काळा ठिपका चिकटला होता. नखाने खरवडला तर चकचकीत, ठिसूळ. राळ. बाबांची राळ, डांबर आणि विटेची पूड घालून केलेली. लहानपणी माझ्या केसांत अडकली की कात्री लागायची.

"म्हणजे त्यांनी प्याला परत आणला होता!" मी म्हटलं. "राळ लागलेला प्याला इथे उभा होता."

महापौरबाई पुढे झाल्या. "ठिपक्यावर सही असते का गं? आधीही दुरुस्तीला गेला असेल कधीतरी."

पण मी त्या ठिपक्याकडेच बघत होते. माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी फिरत होतं. प्याल्याचा कान निखळला तर त्याला डाख देतात. डाख द्यायला आच लागते, आणि आचेत राळ वितळून वाहून जाते. कान बसवायला कुणी राळ वापरत नाही. पोकळ भांडं राळेत बसवायचं ते एकाच कामासाठी.

त्यावर कोरायचं असेल तर.

३

"आजारपणात त्याला कुणी कुणी भेटायला यायचं?" घरी परत येताना आत्याने विचारलं.

"शेवटी शेवटी फार कुणी नाही. महापौरबाई. फादर तेओद्यूल. आणि ग्रोपेरां मास्तर. ते सुरुवातीला रोज यायचे."

"सुरुवातीला?"

"मग यायचे थांबले. मला वाटलं, बघवत नसेल त्यांना. एवढी जुनी मैत्री."

बाबांची वाचा गेली होती, उजवा हातही गेला होता. राहिला होता डावा हात, तोही निपचित. मेच्या मध्यावर त्या हातात थोडा जीव आला. ते माझा तळवा ओढून घ्यायचे आणि त्यावर एका बोटाने वरून खाली एक रेघ ओढायचे. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. तळवा भरला की पुन्हा पहिल्यापासून. आणि माझ्या डोळ्यांत बघत राहायचे. मी त्यांचं डोकं खाजवलं, पाणी दिलं, उशी बदलली. शेवटी मला वाटलं, खिडकीच्या गजांबद्दल सांगताहेत, आणि मी खिडकी उघडली.

हे मी आत्याला सांगितलं. ती रस्त्यात थांबली. विझलेली सिगारेट तिने पुन्हा पेटवली नाही.

"हे तू आत्ता सांगतेस?"

"ते माझं आणि त्यांचं होतं."

"खरं आहे," ती म्हणाली. "तरीही बाकीच्यांना विचारू."

फादर तेओद्यूल मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होते. त्यांनी डोक्यावरची जाळी वर केली.

"बोट? हो, हो. माझ्या हातावरही काढायचा. क्रूस काढायचा प्रयत्न होता, पोरी. उभी रेघ यायची, आडवी जमायची नाही. शेवटी मीच त्याचं बोट धरलं आणि आडवी काढून दिली."

"मग?" आत्या.

"मग काय, हात हिसकावून घेतला! असं बघितलं माझ्याकडे, की मीच त्याची क्षमा मागितली. फेरेओल शेवटपर्यंत फेरेओल. तीस वर्षं त्याला चर्चमध्ये बोलावतोय, तर म्हणायचा, फादर, घंटा घरूनही ऐकू येते."

महापौरबाई पाटीच्या समारंभाच्या खुर्च्या मांडून घेत होत्या. "माझ्या बाहीवर ओढायचा रेघा. मला वाटलं पाऊस म्हणतोय. मी म्हटलं, पडला हो, शनिवारी चांगला पडला. किती वेडगळ वाटतं ना आता?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "सोलांज, माझ्या लग्नातल्या पेल्यांवर त्यानेच नावं कोरली आहेत. नवरा गेला, पेले आहेत. चोर म्हणून त्याचं नाव मला नको आहे गं. पण मला दुसरं कुणी दाखवा."

४

आन्सेल्म ग्रोपेरां मास्तरांनी आम्हाला त्यांच्या जुन्या वर्गासारख्याच नीटनेटक्या खोलीत बसवलं. भिंतीवर त्यांच्या बायकोचा, लेओंतीन मावशींचा, फोटो. त्यांना जाऊन चार हिवाळे झाले. सभागृहातला रेशमी ध्वज मावशींनीच भरलेला. प्याल्याच्या कपाटाची देखभाल मास्तरांकडे आहे. दुरुस्तीला गेलेली वस्तू परत आली की तेच ती ताब्यात घेतात.

"घे ना अक्रोडाचा केक," मास्तर म्हणाले. "विकतचा आहे. लेओंतीन गेल्यापासून भट्टी बंद."

"फेरेओलने प्याला तुमच्याकडे दिला का?" आत्याने सरळ विचारलं.

"आठवत नाही, झेली. खरंच. ईस्टरच्या गडबडीत... दिला असेलही, नसेलही. माझं वय बघ."

"तुमचं वय माझ्याहून दोन वर्षांनी कमी आहे. राजांच्या सनावळ्या अजून पाठ असतील."

"त्या बदलत नाहीत." मास्तर कसेनुसे हसले.

"आजारपणात तुम्ही सगळ्यात जास्त वेळ त्याच्यापाशी बसलात."

"बसलो. मी वाचून दाखवायचो. वर्तमानपत्र, हवामान."

"तो काही सांगायचा? खुणेने, हाताने?"

मास्तरांनी केकच्या ताटलीची कड सारखी केली. "नाही. शांत पडून असायचा. काहीच करायचा नाही."

आत्याने आणखी काही विचारलं नाही. केकचा तुकडा संपवला, उठली, दाराशी मात्र वळली.

"काल ऊन किती होतं ना? प्रेताला खांदा देणाऱ्यांचे सदरे भिजले होते. तुम्ही ओव्हरकोट घालून आला होतात."

"मला थंडी वाजते हल्ली," मास्तर म्हणाले.

आता त्यांच्या अंगात बिनबाह्यांची बंडी होती, आणि खिडक्या सताड उघड्या होत्या.

५

संध्याकाळी मी बाबांच्या खोलीत बसले. दिवा लावला नव्हता. आत्या दाराशी होती. मी नुसत्या हाताने एकेक वस्तू चाचपत होते, आंधळी माणसं करतात तशी. कोरणीची मूठ. त्यांच्या अंगठ्याने झिजलेला टेबलाचा काठ. मग तो पितळी पत्रा.

धातूवर रंग नसतो. म्हणून कोरणाऱ्यांनी फार पूर्वी एक रीत ठरवली आहे, आणि चांगला कोरीवकार ती मोडत नाही. सोनेरी दाखवायचा तर ठिपके. हिरवा, तर तिरप्या रेघा. लहानपणी बाबा पत्रा समोर धरून विचारायचे, ही ढाल कुठल्या रंगाची? मी बघून सांगायचे. या ढाली मी कधी डोळे मिटून चाचपल्या नव्हत्या.

माझं बोट एका ढालीवर थांबलं. वरून खाली एक रेघ. शेजारी दुसरी. मग तिसरी.

मी बोट उचललं. तळवा आपोआप उघडला.

"आत्या," मी म्हटलं. "ते गज नव्हते. पाऊस नव्हता. क्रूस नव्हता. बाबा मला लाल म्हणत होते."

ती आत आली आणि माझ्याजवळ बसली.

"आणि आडवी रेघ?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"आडव्या रेघा म्हणजे निळा."

"फादरनी त्याचं बोट धरून निळा लिहिला," आत्या म्हणाली. "हात हिसकावणार नाही तर काय."

मग बाकीचं आम्ही दोघींनी मिळून लावलं. प्याला दरवर्षी सणाआधी राख आणि व्हिनेगर लावून घासतात. गावातल्या बायकांना त्याचा केवढा अभिमान. तीनशे वर्षांच्या घासण्याने ढालीच्या जमिनीवरच्या बारीक रेघा गेल्या, खोल कोरलेला पूल तेवढा राहिला. कोरी जमीन बघून कधीतरी कुणीतरी ठरवलं, पुलाखाली नदी, म्हणजे निळा. पण कानाच्या बेचक्यात फडकं पोचत नाही. कान निखळला, आणि त्याच्या खाली बाबांना उभ्या रेघा सापडल्या. त्यांनी प्याला राळेत बसवला, आणि त्या रेघांच्या मागोमाग सगळ्या ढालीवर पुन्हा कोरणी चालवली. पुसलेलं परत लिहिलं.

"लाल जमीन, तुटलेला पूल," आत्या हळू म्हणाली. "पहिला घोट नदीला. आणि आपली माणसं त्याला तोंड लावत नाहीत." तिने पितळी पत्र्यावरून बोट फिरवलं. "पूल तोडला तेव्हा शत्रू पैलतीरी होता म्हणतात. पण पैलतीरी वाडीही होती, सोलांज. शत्रूच्या पुढे कोण पळत आलं असेल पुलाकडे?"

वाडीचीच माणसं. आणि पुस्तिकेतलं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. एकही माणूस न गमावता.

"आता चोर," आत्या म्हणाली, आणि तिचा कोर्टातला आवाज परत आला. "उभ्या रेघा तुला दिसल्या, फादरला दिसल्या, एर्मांसला दिसल्या. तिघांनाही अर्थ कळला नाही, म्हणून तिघांनीही बेधडक सांगितलं. ज्या माणसाने मानचिन्हांवर पुस्तिका लिहिली, जो सगळ्यात जास्त वेळ तिथे बसला, त्या एकट्याला काहीच दिसलं नाही. का?"

"कारण त्यांना वाचता आलं."

६

मास्तर आम्हाला नदीकाठच्या बाकावर सापडले. समोर पूल होता. मधल्या कमानीचा दगड बाकीच्याहून फिका आहे. ती नंतर बांधलेली.

आत्या त्यांच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. ती काही बोलली नाही. मीच त्यांचा हात घेतला, तळवा वर केला आणि बोटाने वरून खाली एक रेघ ओढली. मग दुसरी.

तिसरीला त्यांनी मूठ मिटली.

"तो रोज हेच विचारायचा," ते म्हणाले. "सांगितलंस का? सांगितलंस का?"

"कुणाला काय सांगायचं होतं?" आत्या.

"प्याला घेऊन आला तेव्हा इतका खूश होता! म्हणाला, आन्सेल्म, तुझी नदी बुडाली. बघितलं तर रेघा. मी म्हटलं, घासून टाक. तो म्हणाला, तीनशे वर्षं आपण तेच केलं." मास्तर पुलाकडे बघत होते. "निळं असेल तर पुलाखाली पाणी आहे. लाल असेल तर काय वाहतंय, ते मला कुणी शिकवायला नको. ज्यांनी तो प्याला घडवून घेतला त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पराक्रम म्हणून नाही, लाज म्हणून तो पूल कोरला. मी सगळ्या गावाच्या पोरांना उलटं शिकवलं."

"मग चूक सुधारायची होती. पुस्तिका काय, पुन्हा लिहिता येते."

"पुस्तिका लिहिता येते, झेली. ध्वज नाही." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "लेओंतीनने विचारलं होतं मला, जमीन निळीच ना, नक्की? मी म्हटलं, नक्की. सगळं निळं रेशीम तिने टाक्याला टाका लावून भरलं. डोळे गेले तिचे त्यात. शेवटी दिसायचं नाही, तर हाताने चाचपायची आणि म्हणायची, किती छान नदी झाली आहे ना. तो ध्वज आता उतरवायचा? दुसरं काही राहिलं नाही माझ्याकडे तिचं."

पाण्यावर बदकं होती.

"मी फेरेओलला म्हटलं, सणापर्यंत थांब, मी स्वतः सांगतो. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. प्याला मी कपाटात, ढाल भिंतीकडे करून ठेवला. मग त्याला झटका आला. मी वाचायला बसायचो, आणि मनात म्हणायचो, आता हे कुणालाच कळणार नाही. एवढा नीच झालो होतो. आणि मग त्याचं बोट हलायला लागलं."

"म्हणून तुम्ही यायचे थांबलात," मी म्हटलं.

"तो गेला त्या दिवशी नगरभवन बंद होतं. सगळे तुझ्याकडे. मी किल्ली घेतली. प्याला नदीत टाकायला पुलावर गेलो, हात होईना. वितळवायचा, तेही होईना. मग वाटलं, तो त्याचाच आहे."

मला ओव्हरकोट आठवला. शवपेटीचं झाकण बसवायच्या आधी मास्तर म्हणाले होते, मला एक मिनिट त्याच्याजवळ एकटं राहू दे. आम्ही सगळे बाहेर आलो होतो.

"बाबांच्या पेटीत," मी म्हटलं.

"पायाशी. घोंगडीखाली." ते रडत नव्हते. रडले असते तर बरं झालं असतं. "त्याला चोर म्हणतील हे मला सुचलंच नाही, सोलांज. आणि म्हणायला लागले, तेव्हा माझं तोंड उघडेना."

आत्या उठली. "रविवारी ते उघडा," ती म्हणाली. "सगळ्यांच्या देखत. मी फक्त साक्षी लिहून घेत आले आहे, मास्तर. साक्ष तुम्हालाच द्यायची आहे."

वाटेत मी तिला विचारलं, ते बोलतील का? तिलाही ठाऊक नव्हतं. ते बोलले नसते तर आमच्या हातात काय होतं? एक राळेचा ठिपका, माझा तळवा, आणि प्याला अशा जागी, की सापडला असता तर लोक म्हणाले असते, बघा, म्हातारा बरोबर घेऊन गेला.

७

रविवारी पुलावर सगळं गाव होतं. बँड होता. महापौरबाईंच्या हातात प्याल्याऐवजी चर्चमधला एक साधा पेला होता, आणि त्यांचा चेहरा ओढलेला होता. पाटीवरचं कापड वाऱ्याने हलत होतं. दोरी ओढायचा मान मास्तरांचा.

त्यांनी दोरी हातात घेतली, आणि सोडून दिली.

"हे कापड राहू द्या," ते म्हणाले. "खाली मी लिहिलेलं खोटं आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शाळेत सांगायचे तसं, सावकाश, एकामागून एक. रेघा, राख, लाल, वाडी. प्याला कुणी घेतला आणि कुठे ठेवला. "फेरेओल व्होद्रेने तो दुरुस्त करून माझ्या हातात दिला होता," ते म्हणाले. "त्याच्यासारखा सचोटीचा माणूस या गावात दुसरा नव्हता, आणि मी गप्प बसलो." बँडमधल्या कुणाच्यातरी हातून झांज खाली पडली. गर्दीत खाटीक उभा होता. त्याने टोपी काढली आणि माझ्याकडे न बघता तशीच हातात धरून ठेवली.

महापौरबाई पुढे झाल्या. "तो नगराचा प्याला आहे. कबर उघडावी लागेल."

"ते सोलांजने ठरवायचं," फादर म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला बाबांचं नाव परत हवं होतं. ते मला मिळालं होतं.

"राहू द्या तिथेच," मी म्हटलं. "तिथे त्याला कुणी घासणार नाही."

महापौरबाईंनी मान खाली घातली, आणि मग तो साधा पेला झेली आत्यापुढे धरला. नदीत ओतायचा घोट वाडीच्या माणसाच्या हाती देण्याची ही पहिलीच वेळ असावी. आत्या मधल्या कमानीवर गेली, फिक्या दगडावर हात ठेवून उभी राहिली आणि पेला वाकडा केला. एक घोट नाही, सगळी वाइन, शेवटच्या थेंबापर्यंत. पोरांपैकी एकही ओरडलं नाही.

घरी जाताना मास्तर माझ्यापाशी थांबले. "ध्वज मी उद्या उतरवतो," ते म्हणाले.

"नका उतरवू. नदी छान झाली आहे ती."

मी त्यांना पुढे जाऊ दिलं.

बाबा आजारी होते त्या खोलीत आता मी झोपते. ताटल्या सगळ्या परत गेल्या आहेत, एक सोडून. निळ्या काठाची, ती कुणाची ते अजून कळलं नाही. मी पुन्हा पुन्हा त्या दिवसावर येते. त्यांनी माझा तळवा लाल म्हणून भरला होता, आणि मी उठून खिडकी उघडली होती. खिडकी उघडल्यावर त्यांचं बोट थांबलं होतं. ते बाहेर बघत राहिले होते, कितीतरी वेळ, आणि मला वाटलं होतं, त्यांना वारा हवा होता.

त्या खिडकीतून पूल दिसतो.